नव्या यंत्रात ताईचे जुने टेबल

या लेखाला एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. जी संगणक-प्रणाली आता कोणी सांभाळत नाही आणि जिला नवी यंत्रे ओळखतही नाहीत, ती अशाच एखाद्या नव्या यंत्राच्या आत दुसरे यंत्र कल्पून चालवता येते का? प्रश्न तांत्रिक आहे आणि त्याचे तांत्रिक उत्तर मी पुढे क्रमाने देणार आहे. पण मला तो कुतूहलापोटी पडला नव्हता. माझ्या थोरल्या बहिणीची वाचा गेली होती, आणि तिने यापुढे कुठे राहायचे हे तिच्याऐवजी आम्ही ठरवत होतो.

आधी माणसे सांगते. आम्ही तीन भावंडे. ताई सर्वांत मोठी, मग दादा, मग मी. मी कर्जतच्या एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतर कर्जतलाच राहिले. दादा मोहोपाड्याला एका रसायन कारखान्यात यंत्रदुरुस्तीच्या खात्यात होता. निवृत्त झाल्यावर तो आणि वहिनी शेलूला एका नव्या इमारतीत राहायला गेले. ताईने लग्न केले नाही. खालापूरला तहसील कचेरीच्या बाहेर तिचे टंकलेखनाचे टेबल होते. लोक येऊन आपले म्हणणे सांगत, ताई त्याचा अर्ज करून देई. सुरुवातीला टाइपरायटरवर, पुढे संगणकावर. राहायला कचेरीच्या रस्त्यावरच भाड्याच्या दोन खोल्या होत्या.

मागच्या दिवाळीनंतर तिला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी वाचले, पण बोलणे गेले. डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे: तिला ऐकलेले सर्व समजते, मनात शब्दही तयार होतात, परंतु जीभ, ओठ आणि घसा यांना एका वेळी हलवणारी मेंदूतली जुळणी बिघडली आहे. सुधारणा होईल, सावकाश होईल, किती होईल ते आज सांगता येत नाही. उजव्या हाताची पकड सैल झाली होती, त्यामुळे पेन धरले तरी कागदावर रेघोट्यांपलीकडे काही उमटत नसे.

मी तिला कर्जतला घेऊन आले. पहिल्याच आठवड्यात दादा भेटायला आला आणि तिच्या खाटेशी बसून म्हणाला, "ताई, आमच्याकडं लिफ्ट हाय. दवाखाना खालीच हाय. खालापूरची खोली आता सोडून देऊ. चालेल ना?"

ताईने मान डोलावली. दादाने घरमालकाला कळवून टाकले की महिनाअखेर खोली रिकामी करतो.

दोन दिवसांनी मी तिचे केस विंचरता विंचरता विचारले, "ताई, शेलूला कशाला जातेस? माझ्याकडेच राहा ना कायमची." तिने पुन्हा मान डोलावली.

वर्गात एखाद्या मुलाने परस्परविरुद्ध दोन विधानांना 'बरोबर' म्हटले, तर शिक्षकाने तीन शक्यता तपासायच्या असतात. मुलाला प्रश्न कळला नसेल, मूल भीत असेल, किंवा 'बरोबर' या शब्दाने त्याला भलतेच काही म्हणायचे असेल. ताईला प्रश्न कळत होता, हे तिच्या डोळ्यांवरून मला स्पष्ट दिसत होते. भिण्याचा तिचा स्वभाव नव्हता. राहिली तिसरी शक्यता. मी एक साधा प्रयोग केला. तिला शेजारच्या बंगल्यातल्या भांडणाची हकीकत सांगू लागले आणि वाक्याच्या ऐन मध्यावर थांबले. ताईने मान डोलावली आणि माझ्याकडे पाहत राहिली. हो किंवा नाही म्हणण्यासारखे तिथे काहीच नव्हते. ती मला पुढे सांगायला सुचवत होती.

तेव्हा मला तिचे टेबल आठवले. सुटीत मी खालापूरला जात असे तेव्हा तिच्यामागच्या बाकावर बसून पुस्तक वाची. डोंगरातल्या वाड्यांवरून ठाकूर समाजाची माणसे जातीच्या दाखल्यासाठी, रेशनकार्डासाठी येत. कचेरीच्या आवारात ती आधीच बुजलेली असत. मध्येच काही विचारले तर गप्प होत, आणि एकदा गप्प झाली की 'ऱ्हावं दे बाय' म्हणून उठून जात. म्हणून ताई ऐकताना कधीच बोलत नसे. ती फक्त मान हलवी. माणूस बोलत राही, सगळे सांगून झाले की ताईची बोटे यंत्रावर उतरत. त्या मानेचा अर्थ एवढाच असे: ऐकते आहे, चालू द्या. सारे आयुष्य ज्या मानेने तिने दुसऱ्यांना बोलते केले होते, त्याच मानेला आम्ही संमती समजून बसलो होतो.

हे मी दादाला फोनवर सांगितले. तो म्हणाला, "मग तिला नको असंल तर काय करंल ती?"

"तेच तर कळायला हवं."

"शोध मग. पण महिनाअखेरीच्या आत. मालकाला नवीन भाडेकरू मिळालाय."

मी प्रथम सर्वांत सोपा उपाय केला. तीन पुठ्ठ्यांवर ठळक अक्षरांत 'खालापूर', 'शेलू', 'कर्जत' असे लिहून ते तिच्यापुढे मांडले आणि बोट ठेवायला सांगितले. तिने तिन्ही पुठ्ठे उचलले, कडा जुळवून एकावर एक ठेवले आणि फाइल परत करावी तसे माझ्या हातात दिले. एवढे कळले की तिला असे विचारलेले आवडले नव्हते.

मग टंकलेखन. पेन धरता येत नसले तरी बोटे हलत होती. मी मोबाइलवर मराठी कळफलक उघडून दिला. ती त्याकडे पाहत राहिली. मग माझा लॅपटॉप दिला. त्यावरचा मराठी कळफलक नव्या पद्धतीचा होता, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने चालणारा: आधी अक्षर, मग त्याची वेलांटी. टाइपरायटर शिकलेल्यांचा क्रम वेगळा असतो. तिथे प्रत्येक कळीसरशी कागद धरणारा गाडा पुढे सरकतो, त्यामुळे पहिली वेलांटी कागदावर जशी डावीकडे असते तशीच आधी मारावी लागते, आणि मागून अक्षर येते. शिवाय बरीच अक्षरे अर्धी मारून त्यांना काना देऊन पुरी करायची असतात. ताईची बोटे त्याच क्रमाने चालत होती आणि पडद्यावर प्रत्येक गोष्ट भलत्याच जागी जाऊन बसत होती. जुन्या पद्धतीची नक्कल करणारा एक नवा कळफलकही मी उतरवून पाहिला. पण त्यात अक्षर येईपर्यंत वेलांटी एका ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकत राही. ताईला ते वर्तुळ दिसले की ती आपली चूक झाली असे समजून ते खोडू लागे. शेवटी तिने दोन्ही हात मांडीवर घेतले.

म्हणजे तिला तिचेच साधन हवे होते.

खालापूरला तिच्या शेजारी एक शिवणकाम करणारी बाई राहते. घराणे मूळचे किनाऱ्याकडचे, कोकणी मुसलमान. तिला आम्ही सगळे आपा म्हणतो. ताईच्या खोलीची दुसरी किल्ली तिच्याकडेच असते. मी तिला फोन केला.

"काय गं, ताईला घेऊन गेलीस ती गेलीसच," आपा म्हणाली. "हितं मी भांडू कुणाशी?"

"आपा, तिला बोलता येत नाही अजून."

"मग बरंच हाय की. इतकी वर्षं ती बोलायची नि मी ऐकायची. आता माझी पाळी." मग तिने विचारले, "जेवते का नीट?"

जेवते म्हटल्यावर तिने ताईचा संगणक, कीबोर्ड आणि कपाटातल्या सगळ्या सीडी चादरीत गुंडाळून कर्जतला येणाऱ्या टेंपोत घालून दिल्या.

संगणक सुरू झाला नाही. दादाने येऊन तो उघडला. आतल्या मुख्य पाटीवरचे कपॅसिटर फुगून फुटले होते. "ही गेली," तो म्हणाला. "डिस्क बरी दिसते. पण अशी पाटी आता मिळायची नाय." मी म्हटले, त्या डिस्कवरचा मराठीचा प्रोग्राम काढून लॅपटॉपवर टाकू. ते करून पाहिले. अक्षरांचा फॉन्ट नव्या यंत्राने घेतला, परंतु कीबोर्ड आणि फॉन्ट यांच्यामध्ये एक छोटा दुभाष्या प्रोग्राम असतो, जो दाबलेल्या कळीचे मराठी अक्षर करतो. तो दुभाष्या जुन्या प्रणालीखेरीज जागाच होत नव्हता. जुन्या प्रणालीची सीडी सापडली, पण लॅपटॉपने ती चालू करायलाच नकार दिला. हा लॅपटॉप माझ्या मुलाने परदेशातून पाठवलेला, अगदी नवा, आणि त्याचा प्रोसेसर वेगळ्याच कुळातला. जुनी प्रणाली ज्या कुळातल्या प्रोसेसरसाठी लिहिली होती, त्याच्या आज्ञा याला कळतच नाहीत.

दादा स्क्रू परत बसवत म्हणाला, "आमच्या कंपनीत एक वजनकाटा होता. त्याचा प्रोग्राम जुन्या सिस्टीमवरच चालायचा. कम्प्युटर मेला, काटा जिवंत. मग पोरांनी नव्या कम्प्युटरच्या पोटात जुना कम्प्युटर बसवला. काट्याला पत्ताच नाय लागला."

"पोटात कसा बसवला?"

"ते मला काय विचारतेस? मास्तरीण तू."

मी वाचायला बसले. जे समजले ते, ज्यांनी संगणक फक्त वापरला आहे त्यांच्यासाठी, असे सांगता येईल. आमची शाळा दोन पाळ्यांत भरत असे. सकाळी प्राथमिक, दुपारी माध्यमिक. इमारत एक, बाक तेच, घंटा तीच. पण दुपारच्या मुलांना ती शाळा पूर्णपणे आपलीच वाटे. सकाळी त्याच बाकावर कोणी पहिलीतले बसले होते याची त्यांना जाणीवही नसे. आभासी यंत्र हे असेच असते. मूळ प्रणाली यजमान असते. ती आपल्या स्मृतीतला थोडा भाग बाजूला काढते, डिस्कऐवजी एक मोठी फाइल देते, आणि त्यावर दुसऱ्या प्रणालीला पाहुणी म्हणून वसवते. आपण खऱ्या यंत्रावर आहोत असेच पाहुणीला वाटत असते. प्रोसेसर एकाच कुळातला असेल तर हे काम झपाट्याने चालते. माझ्यासारखा वेगळ्या कुळातला असेल तर पाहुणीच्या प्रत्येक आज्ञेचे भाषांतर करावे लागते, आणि सगळे मंद होते.

हा खटाटोप कशासाठी चालला आहे याची ताईला कल्पना होती. मी टेबलाशी बसले की ती आरामखुर्ची ओढून माझ्या मागे बसे, जसे मी पूर्वी तिच्या मागे बसत असे.

आभासी यंत्राच्या प्रोग्रामने सुरुवातीलाच बजावले की या लॅपटॉपवर ही जुनी प्रणाली समर्थित नाही. या वाक्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. 'हे होणार नाही' असे ते सांगत नाही. झाले नाही तर आम्हाला विचारू नका, एवढेच ते सांगते. मी पुढे गेले. पाहुणीला थोडी स्मृती दिली, बेताची डिस्क दिली, आवाज बंद ठेवला. इंटरनेटची जोडणी मुद्दाम तोडली, कारण सुरक्षेची डागडुजी थांबलेल्या प्रणालीला बाहेरच्या जगात सोडणे बरे नाही. प्रथम काळा पडदा आला आणि तसाच राहिला. पडद्याचा प्रकार बदलल्यावर चित्र आले, पण रंग विटलेले. ते दुरुस्त केले तर माउसचा बाण हाताच्या मागून रेंगाळत येऊ लागला. त्याचे काही करता आले नाही. प्रणाली बसायला सबंध दिवस लागला. संध्याकाळी त्या छोट्या खिडकीत जुनी, ओळखीची सुरुवातीची पाटी उमटली, तेव्हा मागून खुर्ची करकरली. वळून पाहिले तर ताई पुढे वाकली होती.

दुसऱ्या दिवशी जुन्या डिस्कवरून मराठीचा प्रोग्राम आत नेला. कीबोर्डही तिचाच जोडायचे ठरवले. त्याची पिन जुन्या पद्धतीची, गोल तोंडाची होती. तिला लॅपटॉपच्या भोकात बसवणारा जोड बाजारात मिळाला. त्या कीबोर्डच्या कळांवरची अक्षरे केव्हाच पुसली गेली आहेत. ताईला त्याने काही फरक पडत नाही, ती कळांकडे पाहत नाही. शिवाय त्यावर उजवीकडे वर एक कळ आहे, जी दाबली की मराठी सुरू होते आणि तिच्यापाशी एक हिरवा दिवा लागतो. नव्या लॅपटॉपवर ती कळच नाही.

सकाळच्या चहानंतर मी ताईला टेबलाशी बसवले. तिने खुर्ची पुढे घेतली, पाठ ताठ केली आणि दहाही बोटे कळांवर ठेवली. उजवी करंगळी नीट उठत नव्हती. तिने डाव्या हाताने ती उचलून जागेवर ठेवली. मग ती कळ दाबली, हिरवा दिवा लागला, आणि ती टंकू लागली. थांबत थांबत, पण न अडखळता. पडद्यावर अक्षरे जरा उशिरा येत होती. ओळ संपल्यावर तिने मान वर केली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरे, अर्धविराम, अवतरणचिन्हे आणि कंस यांची खिचडी होती.

ताईने ती बराच वेळ पाहिली. मग तिने हात काढून घेतले आणि खुर्ची खिडकीकडे वळवली.

मी दादाला फोन केला. झाले ते सांगितले. "ऱ्हाऊ दे गं," तो म्हणाला. "डॉक्टर बोलतात तसं सगळ्यांचंच असतं असं नाय. आतूनच काय निघत नसंल तर तू यंत्र बदलून काय करणार? तिला आणखी हिरमुसली नको करू."

त्याचे म्हणणे चुकीचे ठरवण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. ताई दुपारी जेवून झोपली. मी ती ओळ पडद्यावर तशीच ठेवली होती. पेन्सिल घेऊन ती कागदावर उतरवली आणि एखाद्या विद्यार्थ्याचे न कळलेले गणित पाहावे तशी पाहू लागले. मोकळ्या जागा शब्दांच्या अंतराने पडल्या होत्या. पहिल्या शब्दानंतर एक खूण होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना जागा सोडलेली होती. काही कळा पुन्हा पुन्हा, एकाच जोडीने आल्या होत्या. भरकटलेला हात असा चालत नाही. मग मी असे गृहीत धरले की बोटे बरोबर होती आणि झोपलेला होता तो दुभाष्या. दिवा लागला होता खरा, पण तो यजमान प्रणालीच्या बाजूने लागला असावा. कळ आत पाहुणीपर्यंत पोचलीच नसावी.

गृहीत धरलेले तपासावे लागते. मी माउसने त्या प्रोग्रामच्या यादीतून मराठी चालू केले. मग कागदावरची खिचडी समोर ठेवून, तीच चिन्हे त्याच क्रमाने, लॅपटॉपच्या कीबोर्डवर एकेक कळ शोधून दाबू लागले, कारण ताईच्या कळांवर अक्षरेच नव्हती. मला टाइपरायटरची पद्धत येत नाही. कोणत्या कळीने कोणते अक्षर उमटते ते मला माहीत नव्हते, म्हणून माझ्या मनातला अर्थ आत शिरण्याचा धोकाही नव्हता. प्रथम एकटी वेलांटी आली. तिच्यामागून 'व' आला आणि वेलांटीखाली जाऊन बसला. मग 'ष'. मग 'य'. मी दाबत गेले. शेवटची कळ दाबून झाली तेव्हा पडद्यावर असे होते:

विषय : चहा फार पातळ मिळत असलेबाबत.

मी ते मोठ्याने वाचले. मागे ताई उठून बसली होती. तिने मान हलवली नाही. स्टुलावरच्या सकाळच्या कपाकडे बोट दाखवले.

मी चहा केला, दाट. कप तिच्या हातात देताना माझे डोळे भरून आले होते. ते तिला दिसले असणार, कारण चहा संपल्यावर ती पुन्हा टेबलाशी गेली. तोवर मी प्रोग्राम उघडतानाच मराठी सुरू असेल अशी मांडणी केली होती. तिने दुसरी ओळ लिहिली:

विषय : पुठ्ठे मांडून पत्ते खेळावयास बसविल्याबाबत. मी बालवाडीत नाही.

"चुकलं, ताई," मी म्हटले.

पुढचे काही दिवस सारे बोलणे असेच चालले. भाजीत मीठ असो, उशी असो, व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीचे थंड हात असोत, प्रत्येक गोष्टीला आधी विषय असे. आयुष्यभर तिने दुसऱ्यांचे म्हणणे याच साच्यात घातले होते. स्वतःचे म्हणणे कोणत्या साच्यात घालायचे, याची तिला सवयच नसावी. मी विषयाला हरकत घेतली नाही. खोलीची गोष्टही मी काढली नाही. ती एकट्या माझ्यासमोर काढणे योग्य नव्हते, कारण त्या उत्तरात मीही एक पक्षकार होते. मला तिला ठेवून घ्यायचे होते. संध्याकाळी घरात आणखी कोणी आहे, याची मला चांगलीच सवय झाली होती.

रविवारी दादा आणि वहिनी आले. दादाने पडद्यावरचा तो विटका चौकोन निरखून पाहिला. "वजनकाट्याचं परवडलं," तो म्हणाला. "हा तर आमच्या साहेबांपेक्षा सावकाश चालतो." मग खुर्ची ओढून ताईच्या शेजारी बसला. "बोल, ताई. शेलू का कर्जत?"

या वेळी तिने विषय लिहिला नाही. बोटे थांबली, मग अक्षरे मागाहून एकेक करून आली.

खालापूर.

वहिनीने माझ्याकडे पाहिले. दादा म्हणाला, "अगं पण तिथं एकटी?"

आपा आहे.

"आपा काय रातदिवस बसणार हाय का तुझ्याजवळ?"

तू बसणार होतास का?

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. दादाही हसला, पण सोडायला तयार नव्हता. "मी विचारलं तवा मान कुणी हलवली? हिच्यासमोर हलवलीस."

तू बोलत होतास. मी ऐकत होते.

"आणि मी विचारलं तेव्हा?" मी विचारले.

तूही बोलत होतीस.

ताईने करंगळी पुन्हा जागेवर ठेवली आणि लिहू लागली. ही ओळ लांब होती. यंत्राला तिचे भाषांतर करायला वेळ लागत होता, आणि आम्ही तिघे एकेक अक्षर येताना पाहत होतो.

दोन्ही घरे चांगली आहेत. पण तिथे सकाळी माझ्या दारावरून लोक कचेरीत जातात. ते मला दिसले पाहिजेत.

दादाने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग उठून, तिथेच उभ्या उभ्या घरमालकाला फोन लावला. "खोली सोडत नाय आमी... व्हय, मीच बोललो होतो... नाय, तसं काय नाय, ताईनं आज स्वतः सांगितलं... म्हंजे कसं ते समोर आल्यावर सांगतो." पलीकडून बरेच काही ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "त्या भाडेकरूला माझ्याकडं पाठवा. शेलूला चिक्कार खोल्या हायत." फोन ठेवून तो ताईला म्हणाला, "न्हाणीत दांडी बसवल्याबिगर जायचं नाय. ती मी बसवणार. ते तरी चालंल?"

चालेल, असे तिने लिहिले. मग थोडे थांबून पुढे जोडले: दांडी सरळ बसवावी.

त्या रात्री तिचे कपडे बॅगेत घालताना मला वाईट वाटले, हे मी लपवत नाही. पण ते तिच्या निर्णयाचे वाईट वाटणे नव्हते. एखादी मुलगी वरच्या वर्गात जाते तेव्हा शिक्षिकेला वाटते तसे काहीसे होते. ताई खाटेवरून पाहत होती. मी घडी चुकवली की ती साडी पुढे ओढून स्वतः घडी घाली.

आता ती खालापूरला आहे. लॅपटॉप तिच्याकडेच दिला. माझे काम मोबाइलवर भागते. आपा सकाळी येऊन चहा करते आणि तो कसा झाला हे पडद्यावर वाचून तिच्याशी भांडते. तिला वाचायला वेळ लागतो, ताईला लिहायला लागतो, यंत्राला उमटवायला लागतो, त्यामुळे त्यांची भांडणे दुपारपर्यंत पुरतात. बोलण्याचा सरावही चालू आहे. परवा मी गेले तेव्हा दारातून तिने 'ये' म्हटले. उच्चार स्पष्ट नव्हता, पण शब्द पुरा होता.

आता उत्तर. होय, समर्थन नसलेल्या यंत्रात जुनी प्रणाली आभासी यंत्र करून चालवता येते. ती सावकाश चालते. वेगळ्या कुळातल्या प्रोसेसरवर फारच सावकाश, तरी टंकलेखनापुरती चालते. तिला इंटरनेटपासून दूर ठेवावे. मराठी सुरू करणाऱ्या त्या दिव्याच्या कळीसारख्या कुलूपवजा कळा आतपर्यंत पोचतात असे धरून चालू नये, दिवा लागला असला तरी. आणि ज्या मोठ्या फाइलीत ती सारी प्रणाली राहते, तिची एक प्रत दुसरीकडे ठेवावी. आमची प्रत दादाकडे आहे.

हे सर्व मी एका यंत्रावर आणि एका माणसाच्या बाबतीत पाहिले आहे. एवढ्या आधारावर नियम सांगता येत नाही. तुमच्या घरात एखादा बंद पडलेला जुना संगणक असेल, त्यावर काम केलेले कोणी असेल, तर कृपया हे तुमच्या यंत्रावर स्वतः करून पाहा. आणि ज्याच्यासाठी कराल त्याने मान हलवली तर तिचा अर्थ त्यालाच विचारून खात्री करून घ्या.